उपडा चमचा

९ जून, मंगळवार

वस्ताद,

साष्टांग नमस्कार. 'नमस्कार नंतर, आधी हात धुतलेस का?' असं तुम्ही विचाराल, म्हणून आधीच सांगते. धुतले आहेत. कोपरापर्यंत.

नऊ वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. त्याची क्षमा मागायला बसले आणि तीन कागद फाडले. पहिल्यावर लिहिलं होतं की पत्ता हरवला. तो हरवलेला नाही. दरवर्षी नवी डायरी घेतली की शेवटच्या पानावर मी तो उतरवून घेते. दुसऱ्यावर लिहिलं की कामातून सवड झाली नाही. रोज डायरी लिहायला मात्र बरी सवड झाली. तिसऱ्यावर खरं कारण लिहायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीत हात अडला. म्हणून या चौथ्या कागदावर नुसती क्षमा मागते. कारण पुढे आलं तर येईल. नाही आलं तर मी ते टाळलं असं समजा. तुमचा अंदाज चुकणार नाही.

अक्षर एवढं मोठं का काढलंय, तेही पुढे कळेल.

मी बरी आहे. सेहेचाळीस पुरी झाली. आई बरी आहे. तिला कमी ऐकू येतं, पण तिच्याबद्दल बोललेलं तेवढं भिंतीपलीकडूनही ऐकू येतं. माझं मनगट दुखतं, पण ते आपल्यातल्या कुणाचं दुखत नाही? काम चालू आहे. एका मोठ्या संस्थेत आहे, सकाळी सहा ते दुपारी तीन.

हे 'मोठी संस्था' माझ्या भावाचं. तो लोकांना सांगतो, 'ताई हॉस्पिटलमध्ये असते,' आणि पुढचं ज्याचं त्याने समजून घ्यावं म्हणून पाण्याचा घोट घेतो. मागे एका लग्नात एका काकांनी मला कोपऱ्यात नेऊन गुडघा दाखवला. मी म्हटलं, काका, मी तिथे स्वयंपाकघरात आहे. त्यांनी विजारीचा पाय इतक्या घाईने खाली ओढला की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

तर मी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आहे. तळघरात. एका वेळची एकशे ऐंशी ताटं. कमी मिठाची, बिनसाखरेची, मऊ, आणि ज्यांना गिळता येत नाही त्यांच्यासाठी पार वाटलेली. ताटावर रुग्णाचं नाव नसतं; छापील चिठ्ठी असते, बेडचा नंबर आणि आहाराचा प्रकार. कोण खातंय ते आम्हाला कळत नाही, आणि कोणी रांधलंय ते त्यांना कळत नाही. पहिली दोन वर्षं मला हे फार सोयीचं वाटलं.

भावाला हसते खरी, पण आपल्यातलं कुणी भेटलं की पाण्याचा घोट मीही घेते. दोन वर्षांपूर्वी बाजारात 'भट्टी' भेटला. आठवतो ना, भाजायच्या जागेवर उभा असायचा आणि स्वतःच तापायचा? आता मोठ्या हॉटेलात आहे, हाताखाली तीस माणसं. मी कुठे असते ते सांगितल्यावर म्हणाला, "अरे वा, म्हणजे आराम!" वाईट हेतूने नाही म्हणाला. तरी मी तो शब्द घरी येऊन डायरीत लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. बँकेच्या अर्जात व्यवसायाचा रकाना असतो. तिथे मी शेफ लिहिलं, खोडलं. स्वयंपाकी लिहिलं, तेही खोडलं. शेवटी 'नोकरी' लिहिलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, खाडाखोड चालत नाही, आणि कोरा अर्ज दिला. तोही मी 'नोकरी'च लिहून दिला.

तुम्हाला स्वतःला कुणी शेफ म्हटलेलं खपायचं नाही. शेफ म्हणजे टोपी, म्हणायचात. टोपी खुंटीला लावली की शेफ संपला. मग माणूस कोण आहे हे कशावरून ठरतं, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा मी नवी होते, रसायनशास्त्राची पदवी घेऊन तुमच्याकडे कांदे सोलत होते, आणि तुम्ही माझं नाव 'ग्रॅज्युएट' ठेवलं होतंत. तुम्ही मला भांडी घासायच्या हौदापाशी नेलंत आणि परत आलेली ताटं दाखवलीत. पाहुणा तोंडाने खोटं बोलतो, भिडेखातर चांगलं म्हणतो. ताट भीड ठेवत नाही. कोणत्या ताटाच्या कडेला काय सारून ठेवलंय, काय एकदाच चावून सोडलंय, रस्सा पावाने पुसलाय की नाही. अर्धा तास उभं केलंत. मी वैतागले होते. इतकं शिकून उष्टी बघायची?

वस्ताद, ती सवय मला लागली ती लागलीच. इथेही दुपारी ट्रॉली खाली आली की मी हौदापाशी उभी राहते. आमचे ट्रॉलीमामा बावीस वर्षं ताटं वर नेतात आणि खाली आणतात. ते मला म्हणतात, "बाई, तुमची परीक्षा आणली बघा." मी बघते. एकोणीसने भात सोडला. बेचाळीसने सगळं खाल्लं, म्हणजे उद्या घरी जाणार.

गेल्या शुक्रवारी बेड चौदाचं ताट आलं. पार वाटलेला आहार. वाडग्यात वाटलेला बटाटा, दोन चमचे खाल्लेला, बाकी तसाच. आणि वाडग्याच्या काठावर आडवा ठेवलेला चमचा. उपडा. दांडा डावीकडे.

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

हे मी तुम्हालाच काय समजावून सांगते आहे! पण सांगते, कारण नऊ वर्षं हे कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही चाखताना बोलायचा नाहीत. भांडं पसंत असलं की चमचा आत उभा सोडून पुढे जायचात. नापसंत असलं की काठावर उपडा. त्यावर चर्चा नाही, कारण नाही. उपडा म्हणजे पुन्हा कर. आणि तुम्ही डावरे, म्हणून दांडा नेहमी डावीकडे. चौदा माणसांचं स्वयंपाकघर एका चमच्यावर चालायचं.

मी मनाला म्हटलं, चमचा कुणीही ठेवतो. शनिवारी परत तसाच. रविवारी गाजर होतं, त्यावरही तसाच. सोमवारी मामांना विचारलं, चौदाला कोण आहे? ते म्हणाले, कुणी म्हातारे गृहस्थ आहेत, उजवी बाजू गेलीय, वाचाही गेलीय, लेक दिवसभर बसून असते. "कळतं सगळं त्यांना. पेपराचे मथळे वाचतात, बारीक अक्षर नाही जमत. पण ताट ठेवलं ना बाई, की असं बघतात त्याच्याकडे, मला वाटतं मीच काहीतरी चोरलंय त्यातलं."

मग मी आहाराच्या नोंदवहीत नाव बघितलं.

तर अक्षर मोठं आहे ते यामुळे. तुम्ही चौथ्या मजल्यावर आहात, मी तळघरात. शुक्रवारपासून तुमचं जेवण मी करते आहे, आणि तुम्ही ते रोज परत पाठवता आहात.

वर मी आलेले नाही. येता येतं, कुणी अडवत नाही. लिफ्टपर्यंत दोनदा गेले.

१० जून, बुधवार

कालचं अर्धंच राहिलं. पुढे लिहिते.

आज सकाळी आमच्या आहारतज्ज्ञ बाई खाली आल्या. वयाने माझ्या निम्म्या, पण प्रत्येक वाडगा मोजणाऱ्या. चौदाच्या कार्डावर 'अन्न नाकारतात' असा शेरा होता. म्हणाल्या, मन खचलंय त्यांचं, असं होतं या आजारात. गुरुवारी दुपारपर्यंत निम्म्याच्या वर खाल्लं नाही, तर शुक्रवारी सकाळी नाकातून नळी घालायची असं डॉक्टरांनी ठरवलंय.

मी म्हटलं, "ते नाकारत नाहीयेत. नापसंत करतायत."

बाईंना फरक कळला नाही. कसा कळावा? मग मी त्यांना बटाटा दाखवला.

वस्ताद, आता जे लिहिते ते लिहायची लाज वाटते, पण तुम्हाला ते चवीवरून कळलेलंच आहे. आमच्याकडे बटाटा मिक्सरमध्ये वाटतात. मी वाटते. तुमच्या स्वयंपाकघरातला पहिला नियम: बटाट्याला मारायचं नाही, मारलं की तो रुसतो, त्याचा गोंद होतो. रसायनशास्त्रात त्याला दुसरं नाव आहे, पण गोंद तोच. गरम असताना चाळणीवर घासून उतरवायचा, एकदा, मग परत एकदा. हे मला ठाऊक नाही असं नाही. एकशे ऐंशीत वाटलेल्या आहाराची ताटं बावीस. बावीस माणसांना गिळता येत नाही, त्यांना चव कुठे कळणार, असं मी कधी तोंडाने म्हटलं नाही, पण पाच वर्षं मिक्सरचं बटण दाबताना मनात तेच असणार. त्यातल्या कुणाचा चमचा उपडा येत नव्हता. त्यांना तो ठेवता येत नव्हता, एवढंच.

बाईंनी एक चमचा चाखला. जिभेवर धरला, मग म्हणाल्या, हे घशाला चिकटेल हो. मी त्यांना परवानगी विचारली: सामान तेच, मीठ तेवढंच, फक्त करायची रीत बदलते. त्या म्हणाल्या, करा, पण मला आधी दाखवा.

आणि मग मी चाळण काढली.

तुम्ही दिलेली. मी सोडून गेले त्या दिवशी तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून दिलीत ती, बारीक जाळीची, लाकडी कड्याची, एका बाजूला तुमच्या अंगठ्याने गुळगुळीत झालेली. म्हणालात, "ग्रॅज्युएट, जाशील तिथे भांडी असतील. चाळण नसेल." नऊ वर्षांत मी ती एकदाही वापरली नाही. कपाटात वरच्या फळीवर होती, त्याच वर्तमानपत्रात. आईने एकदा पीठ चाळायला मागितली, तर मी तिच्यावर ओरडले. मग सॉरी म्हटलं, मग तिला नवी चाळणी आणून दिली. सोमवारी नाव बघितलं आणि त्याच दिवशी घरी जाऊन ती पिशवीत टाकली. आज ती उकळत्या पाण्यातून काढली, वाळवली, आणि बावीस ताटांचा बटाटा तिच्यावर घासला. मनगट आत्ता हे लिहिताना बोंब मारतंय.

वापरली का नाही, हे आता टाळता यायचं नाही.

नऊ वर्षांपूर्वी, आपल्या हॉटेलात, त्या दुपारी चाळीस पाहुण्यांची एकच मेजवानी होती. सूप माझ्याकडे होतं, अळिंबीचं. खाली लागलं. थोडंसंच, वरून कळत नव्हतं, पण घोट गिळल्यावर मागून करपट यायचं. तुम्ही चाखलंत, चमचा काठावर उपडा ठेवलात आणि मासळीवाला आला म्हणून मागच्या दारी गेलात. नवं करायला पाऊण तास लागला असता. बाहेरून वेटर हाका मारत होते. मी भांड्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि तुमचा चमचा उचलून आत उभा केला.

इतकंच केलं. लिहायला एक ओळ पुरते.

ज्याने ते वाढून घेतलं त्याने उभा चमचा बघितला आणि उचललं. त्याची काही चूक नाही. चाळीसातले पंचवीस वाडगे परत आले. यजमान मालकांवर उखडले आणि मालक आत आले. त्यांच्या आधी तुम्ही मागच्या दाराने आलात. तुम्ही भांड्याकडे बघितलंत, चमच्याकडे बघितलंत. आपल्याकडे प्रत्येक भांड्यावर कागदी चिकटपट्टी असायची, तारीख आणि करणाऱ्याचं नाव. बिननावाचं भांडं ओतून द्यायचं असा नियम होता. त्या भांड्यावर तारखेखाली 'ग्रॅज्युएट' लिहिलेलं होतं. तुम्ही डाव्या हाताच्या नखाने पट्टी सोलली, तिची गोळी केली आणि खिशात टाकलीत. मी तीन हातांवर उभी होते. मालकांनी विचारलं, कोणी पाठवलं हे?

"चमचा माझा आहे," तुम्ही म्हणालात. "मीच पास केलं."

मालक सगळ्यांसमोर काय काय बोलले ते मी लिहीत नाही. वय झालं, जीभ गेली, तेवढं पुरे. दुसऱ्या दिवसापासून फर्मान निघालं: वस्तादांनी चाखलेलं भांडं आधी मॅनेजरला दाखवायचं, मगच बाहेर. मॅनेजर! मीठ कमी आहे हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळायचं नाही. तुम्ही त्याच्यासमोर भांडं धरून उभे राहायचात आणि तो मान हलवायचा. तुम्ही चमचा ठेवणंच सोडून दिलंत. चाखायचात आणि तो धुऊन खिशात टाकायचात.

सात आठवडे मी हे बघितलं. रोज ठरवायचे, आज सांगू. तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, माझ्याशी वागणं तसूभर बदललं नाहीत, उलट त्याच आठवड्यात मला सॉसची जागा दिलीत, म्हणजे बढतीच. त्यामुळे जास्तच बोलता येईना. शेवटी आई आजारी आहे असं सांगून सोडलं. आई तेव्हा ठणठणीत होती. दोन वर्षांनी खरंच आजारी पडली तेव्हा किती रात्री मी स्वतःला काय काय म्हटलं, ते जाऊ दे.

एक गोष्ट मला आजही ठरवता आलेली नाही. ते तुम्ही माझ्यासाठी केलंत, की तुमच्या स्वयंपाकघराची एक रीत म्हणून केलंत, कुणाच्याही बाबतीत केलं असतंत तसं? पूर्वी वाटायचं, रीत म्हणून असेल तर माझ्यावर ओझं कमी. आता उलट वाटतं. कुणाच्याही बाबतीत केलं असतंत, आणि तो कुणीही त्या दिवशी मी होते, यात कमी काहीच नाही. त्या सात आठवड्यांत मी जे शिकले त्यावर पुढची दोन स्वयंपाकघरं आणि हे तिसरं चाललं. भट्टीसारखी मी कुणावर ओरडत नाही, चूक करणाऱ्याला चारचौघांत विचारत नाही. इथल्या बाया म्हणतात, बाईंचा स्वभाव थंड आहे. स्वभाव कसला! बघितलेलं आहे.

आभार मानायला हवे होते ते यासाठी. त्याऐवजी तुमची चाळण कपाटात ठेवली.

आजचा निकाल लिहायचा राहिला. दुपारी मामा ट्रॉली घेऊन आले ते दारातूनच म्हणाले, "बाई, चौदाने अर्धं खाल्लं." अर्धं म्हणजे बरोबर अर्धं, मधोमध रेघ मारल्यासारखं. आणि काठावर चमचा. उपडा.

मला हसू आलं. मामा म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, ओळखीचे आहेत.

संध्याकाळच्या पाळीसाठी बटाटा उतरवून, झाकून, सूचना लिहून निघाले. निम्म्याच्या वर हवं आहे. निम्मं नाही.

११ जून, गुरुवार

आज सकाळी बटाटा पुन्हा चाळणीवर. गाजर पाण्यात न शिजवता घट्ट झाकणात त्याच्याच अंगच्या पाण्यात शिजवलं, तुम्ही करायचात तसं, म्हणजे वाटल्यावर पाणी सुटत नाही आणि घट्ट करायची पावडर घालावी लागत नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी चमचा तिरका करून बघितला, मग चाखला, मग परत एकदा चाखला आणि मग, वस्ताद, तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा चाखायचं काही कारण नव्हतं. मला म्हणाल्या, "हे बावीसच्या बावीस जणांना रोज देता येईल का?" मी म्हटलं, दोन माणसं आणि आणखी दोन चाळण्या द्या. त्या लिहून घेऊन गेल्या. मिळतील न मिळतील, पण मागितल्या. पाच वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं.

ताट ट्रॉलीवर चढवायच्या आधी मी एक गोष्ट केली. आमच्याकडे त्याची पद्धत नाही. औषधाच्या खोलीतून कागदी चिकटपट्टी मागून आणली. तिच्यावर आजची तारीख लिहिली आणि खाली, मोठ्या अक्षरात, 'ग्रॅज्युएट'. ती चौदाच्या वाडग्याला बाहेरून लावली, चिठ्ठी असते त्याच्या उलट बाजूला. त्या दिवशी तुम्ही जी काढलीत, ती मी आज परत लावली. हे पत्र लिहिण्यापेक्षा ते अवघड होतं. मामांनी बघितलं आणि ट्रॉली पुढे ओढली. बावीस वर्षांत माणूस काय विचारू नये ते शिकतो.

मग बावीस आणि एकशे अठ्ठावन्न ताटं गेली आणि मी ओटा पुसला. पुसलेला परत पुसला.

ट्रॉली खाली आली. बेड चौदाचा वाडगा रिकामा होता. खरवडलेला. कडासुद्धा.

पट्टी नव्हती.

मला वाटलं, वर कुणी सिस्टरांनी काढली असेल. मामा म्हणाले, "नाही हो, त्यांनीच काढली. ताट ठेवलं तर आधी वाडगा फिरवला, वाचलं. बराच वेळ वाचलं. लेक म्हणाली, बाबा, काय आहे? मग नखाने सोलली, हळूहळू, एका हाताने किती वेळ लागतो. तिची गोळी केली. आणि मग खिसा शोधत होते. हॉस्पिटलच्या सदऱ्याला खिसा कुठला? शेवटी उशीखाली सारली. मग जेवायला घेतलं ते संपेपर्यंत मान वर नाही. लेक रडत होती, मला म्हणाली, मामा, कोणी केलंय हे? मी म्हटलं, खाली आमच्या बाई आहेत."

मी हौदापाशी स्टुलावर बसले. नळ चालू होता, तो मामांनी बंद केला.

आता हे लिहिते आहे तर मला अजून नक्की माहीत नाही की तुम्ही मला क्षमा केलीत, की जुन्या सवयीने माझं नाव पुन्हा एकदा पुसलंत. माझ्यासारख्या बाईला अशा ठिकाणी दोन अर्थ दिसतातच. पण या वेळी भांडं परत आलेलं नव्हतं, त्यामुळे लपवण्यासारखं काही नव्हतं. तरी काढून ठेवलीत. उशीखाली. तेव्हा मी आज पहिल्यांदा सोपा अर्थ घेते आहे.

आहारतज्ज्ञ बाई येऊन सांगून गेल्या. उद्याची नळी थांबवली आहे. आणखी तीन दिवस बघणार आणि तोवर चौदाचं ताट असंच जाणार. कार्डावरचा 'अन्न नाकारतात' हा शेरा त्यांनी माझ्यासमोर खोडला. मी म्हटलं, खाडाखोड चालते का तुमच्यात? त्या म्हणाल्या, सही केली की चालते.

एक सांगायचं ठेवलंच आहे. रिकाम्या वाडग्याच्या काठावर चमचा होता. उपडा. दांडा डावीकडे.

मामांना कळेना की सगळं खाऊन कुणी असं का ठेवेल. मला कळलं, आणि वस्ताद, गेल्या नऊ वर्षांत मला इतका आनंद कशाने झालेला नाही. क्षमा वेगळी आणि बटाटा वेगळा. तुम्ही मला सूट दिली नाहीत. स्वतः आजारी आहात म्हणून नाही, मी जुनी शिष्या म्हणून नाही, तळघरातली बाई म्हणूनही नाही. पुन्हा कर. म्हणजे पुन्हा करण्यासारखं काम मी करते आहे.

मग मी शोधायला बसले. नमुन्याचा वाडगा ठेवलेला असतो, तो चाखला. गाठ नाही, गोंद नाही, मीठ बाईंनी सांगितलेलं तेवढं. काय चुकलं? शेवटी मामांना ट्रॉलीचा रस्ता विचारला. पहिला मजला, दुसरा, तिसरा, मग चौथा, आणि चौथ्यावर चौदा नंबर सगळ्यात शेवटी. तिथवर पोचायला किती वेळ लागतो ते त्यांनी घड्याळावरून सांगितलं. सव्वीस मिनिटं. लोण्याचा बटाटा सव्वीस मिनिटांत थिजतो आणि जिभेवर जड होतो. गरम ते गरमच जायला हवं, हे तुम्ही रोज किती वेळा ओरडायचात! 'मागे गरम!' म्हणत त्या अरुंद बोळातून धावत जायचं, आणि सगळ्यांनी अंग चोरायचं.

तळघरातून चौथ्या मजल्याला जिन्याने तीन मिनिटं लागतील. आज तीननंतर जिना चढून अंदाज घेतला. तिसऱ्या मजल्यावर दम लागला, तिथून परत फिरले. वर यायचं ते रिकाम्या हाताने नको होतं.

बँकेतून त्या अर्जाचं पत्र आलंय, माहिती अद्ययावत करा म्हणून. व्यवसायाचा रकाना अजून कोराच ठेवला आहे. तुमची हरकत नसेल तर तेव्हा खोडलेल्या दोन शब्दांतला एक लिहीन. टोपीचा नाही, दुसरा.

हे पत्र ताटात ठेवून पाठवणार नाही. ताटात फक्त जेवण.

तुम्ही पुसलेलं नाव पुन्हा लिहिणारी, तुमची,

ग्रॅज्युएट

उद्याचं काम: चौदा नंबरचा वाडगा ट्रॉलीवर चढवायचा नाही, झाकून, जिन्याने, स्वतः वर न्यायचा.